टीव्ही कुणाशी बोलतोय

डुंबऱ्यांचा टीव्ही कधीचा कपाटावर उपडा पडला होता. वायर गुंडाळलेली, वरून जुनी चादर टाकलेली. आणि दुर्बीण केंद्राची एक मुलगी भर दुपारी ओट्यावर उभी राहून विचारत होती, की तुमचा टीव्ही दिवसभर कुणाशी बोलत असतो?

छायाबाईंना हसूच आलं. "बाई, आमचा टीव्ही मुका हाय. बघायचा तर ये आत, बघ."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा मुलगा प्रज्वल उभा होता. त्याला हसू आलं नाही. आपली चोरी सापडली, एवढंच त्याला कळलं.

ही चोरी कळायची तर आधी कोळदऱ्याचं पठार कळायला पाहिजे. तिथं नवी रेडिओ दुर्बीण उभी राहिली त्याला काही वर्षं झाली. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. विश्वात पहिले तारे पेटायच्या आसपास हायड्रोजनच्या ढगांनी जी कुजबुज केली, ती अजून आभाळातून येतेय, आणि ती इतकी बारीक आहे की शेजारच्या वाडीत कुणी मोबाईल लावला तरी बुडून जाते. म्हणून भोवतालची सगळी गावं शांत पट्ट्यात. मोबाईलला रेंज नाही, घरात वायफाय नाही, सगळं वायरीनं. फोनच्या जुन्या तारा होत्या, पण नेटसाठी खडकातून लांबवर केबल टाकणं जमलं नाही, तेव्हा प्रत्येक छपरावर एक छोटी ताटली बसवली, तोंड गावच्या टॉवरकडं. ताटलीनं ऐकायचं तितकं ऐकावं, पण बोलायचं मोजून. कारण घरातून काही बाहेर पाठवलं की हवेत गोंगाट होतो.

आता प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळतो, मॅक नंबर. आपल्या बोटाचा ठसा असतो ना, तसा. कुठल्या घरातल्या कुठल्या यंत्रानं किती बोलायचं, हे केंद्रात त्या नंबरावर ठरतं. नोंद नसेल तर दार बंद. आणि स्वतःचा राउटर लावून त्याच्यामागं चार यंत्रं लपवायला तर सक्त मनाई.

प्रज्वलनं नेमकं तेच केलं होतं.

त्याचं आळेफाट्याला रिपेरिंगचं दुकान. मोबाईल, राउटर, सोलरचे इन्व्हर्टर. शाळा-कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघत, यंत्रं जाळत शिकला. नियम म्हणजे काय, तर अजून रस्ता न सापडलेली भिंत, असं त्याचं मत.

चोरी केली ती एका पेटीसाठी. पेटी आली गणपतीनंतर. त्याचे वडील रोहिदास डुंबरे, घरातले आण्णा. शेतावरच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरणारा, वाइंडिंग करणारा माणूस, सगळ्या तालुक्यात नाव होतं. त्यांना असा आजार लागला की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत गेल्या. आधी बोटं गेली. मग पाय. मग जीभ. शेवटी पापण्याही धड हलेनात, त्यामुळं डोळ्यांनी हो-नाही करायची सोयही संपली. आत माणूस टक्क जागा, बाहेर काहीच नाही.

ती पेटी अशा माणसांसाठीच होती. गळ्याला आणि हनुवटीखाली पातळ पट्ट्या चिकटवायच्या. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा स्नायू हलला नाही तरी तिथं विजेचा इवलासा थरथराट होतो. पट्ट्या तो पकडतात, पेटीकडं देतात. थरथराटातून शब्द ओळखणं हे अवघड गणित. ते पेटीत मावत नाही, ते पुण्याच्या केंद्रातल्या मोठ्या संगणकावर होतं. तिथून शब्द परत येतात आणि पेटी ते माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलते. नेट तुटलं तर पेटी गप्प बसू नये म्हणून तिच्यात एक छोटा अंदाज्या बसवलेला. समोरचा काय विचारतोय ते ऐकून, आणि माणसाची जुनी रेकॉर्डिंग पोटात घालून, हा माणूस आत्ता काय म्हणाला असता ते ठरवायचं आणि म्हणून टाकायचं. पुण्याशी बोलणं चालू असलं की दिवा हिरवा. अंदाजावर चाललं असलं की पिवळा. जोडणी नाकारली गेली की लाल.

पेटीच्या नंबराची नोंद व्हायला वेळ लागणार होता. प्रज्वलला दम नव्हता. आण्णांचा आवाज ऐकायला घर आसुसलं होतं. तेव्हा आईच म्हणाली, टीव्ही कोण बघतंय आता. झालं. त्यानं जुना राउटर काढला, त्याला टीव्हीचा मॅक नंबर चढवला, पेटी त्याच्या पाठीमागं लावली. दुर्बीण केंद्राला वाटलं टीव्हीच आहे. पेटीच्या पडद्यावर आलं, 'जोडलं'. दिवा पिवळा लागला. लाल नाही ना, मग बरोबरच असणार. दिवा चमकून आण्णांच्या डोळ्यांवर येतो म्हणून छायाबाईंनी पेटीवर विणलेला रुमाल टाकला.

आणि आण्णा बोलायला लागले. त्यांच्याच आवाजात, थोडे घोगरे. "या, बसा निवांत." सगळी आळी रडली होती त्या दिवशी.

दुर्बिणीची मुलगी, मधुरा भोर तिचं नाव, आत येऊन कॉटशेजारी उभी राहिली. पांघरुणातला माणूस बघितला, गळ्याच्या पट्ट्या बघितल्या, मग वायरीमागं डोळे नेत नेत खिडकीखालच्या जुन्या राउटरपाशी थांबली. प्रज्वलनं आढेवेढे घेतले नाहीत. सगळं सांगितलं. मॅडम, दंड काय असेल तो करा, फक्त ही पेटी बंद करू नका, असं म्हणाला.

ती रागावली नाही. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्या वेगळ्याच कशाच्या तरी होत्या. टीव्हीला बोलायची परवानगी किती असते माहितीय का, तिनं विचारलं. चॅनेल बदलला एवढं सांगण्यापुरती. बाकी त्यानं काही पाठवायला घेतलं की टॉवर ते टाकून देतो. आणि हा टीव्ही दिवाळीच्या आधीपासून रोज सकाळपासून पाठवायला बघतोय. एवढी धडपड कुठलं यंत्र करत नाही, म्हणून तर ती आली होती.

"म्हणजे?" प्रज्वल म्हणाला. म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

"दादा, यातलं काहीच बाहेर गेलेलं नाही. एकदाही."

त्यानं पेटीवरचा रुमाल उचलला. दिवा पिवळा.

पेटीला शांतता खपत नसे. आण्णांच्या आवाजात ती म्हणाली, "पाहुण्यांना चहा द्या. सावकाश होऊ द्या."

तेव्हा प्रज्वलला लग्नाचा मांडव आठवला, आणि त्यामागून दिवाळी.

आण्णा मुळात घुमे. मोटार भरताना दिवसभर तोंड उघडायचे नाहीत, गिऱ्हाइकानं विचारलं तर "उद्या" म्हणायचे, संपलं. पेटीला खायला घालायला त्यांचं रेकॉर्डिंग शोधायला घेतलं तर मिळेचना. मिळालं ते एकच. बहीण ऋतुजाच्या लग्नातलं. मुलीचा बाप म्हणून त्या एका दिवशी आण्णा मांडवाच्या दारात उभे राहून येईल त्याच्याशी बोलत होते. या, बसा. जेवून जा हं. सावकाश होऊ द्या. पत्रिकेत आहेर आणू नये असं छापलेलं असूनही लोक पाकिटं पुढं करायचे, आणि आण्णा दोन्ही हात जोडून मागं सरायचे.

अंदाज्यानं त्या एका दिवसातून अख्खा माणूस उभा केला. कमी पडलं तिथं जगभरच्या बापांची गोड वाक्यं उसनी आणली.

आणि दिवाळीत डॉक्टर थोरवे आले होते. त्यांनी कॉटवर बसून, आण्णांचा हात हातात घेऊन विचारलं होतं, की श्वास आता कमी पडत चाललाय. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावता येईल. छाती अजून चांगली आहे, आत्ता लावलं तर बरीच वर्षं निघतील. पण मशीनवरचं आयुष्य. तुमची इच्छा काय?

पेटी म्हणाली होती, "नको नको, कशाला. राहू द्या. तुम्ही आलात यातच सगळं आलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला होता. असा माणूस बघितला नाही, म्हणाले. ऋतुजा हुंदके देत होती. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत होतं, आणि सगळ्यांना वाटलं, निरोप घेतायत.

आता आण्णांच्या छातीचा भाता नुसता वर वर हलत होता.

"मॅडम, हे आत्ता सरळ करता येईल का?" प्रज्वलनं विचारलं.

मधुरानं दुसरं काही न बोलता लॅपटॉप उघडला. त्यानं जुना राउटर उपटून बाजूला टाकला, पेटीची वायर थेट ताटलीच्या जोडणीला लावली. दिवा लाल. पुन्हा काढली, पुन्हा लावली. लाल. डोकं सवयीनं चालत होतं. टॉवरनं अजून टीव्हीचाच नंबर धरून ठेवलाय, म्हणाला, तो सोडायला लावा. तिनं सोडवला. तरी लाल. मग पेटीचा खरा नंबर तळाच्या चिकटपट्टीवरून वाचून दाखवला, तिनं चढवला, आणि तिथं अडलं. आरोग्याच्या वर्गात घालायला तिच्या साहेबांची परवानगी लागत होती. तिनं डुंबऱ्यांच्या घरातल्या वायरीच्या फोनवरून साहेबांना लावला. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. आज निरीक्षण चालू आहे, टीव्हीच्या भानगडीसाठी पट्टा उघडायचा का, असं काहीतरी असावं.

"सर, टीव्ही नाहीये तो," ती म्हणाली. "माणूस आहे. मी समोर उभी आहे त्यांच्या."

थोड्या वेळानं पेटीनं स्वतःहून एकदा मान टाकल्यासारखं केलं, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. दिवा हिरवा लागला.

आवाज तोच होता. बोलणं मात्र त्या मांडवातल्या माणसाचं नव्हतं. एक शब्द यायचा, मग नुसती खरखर, मग दुसरा.

"ऐका."

प्रज्वलनं दिव्याकडं बघितलं. हिरवाच.

"ऐका. ऐका. ऐका."

छायाबाई धावल्या. कॉटच्या लोखंडाला गुडघा आपटला तरी त्यांना कळलं नाही. "ऐकतोय हो. ऐकतोय. बोला."

"श्वास," आण्णा म्हणाले. "मशीन. लावा."

आणि मग, बराच वेळ खरखर होऊन, "कवाचं. सांगतोय."

प्रज्वल फोनकडं गेला. डॉक्टर थोरव्यांना काय सांगितलं हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. नारायणगावहून गाडी निघतेय, तोवर डोकं उंच ठेवा, एवढं त्यांनी सांगितलं. बहिणीलाही फोन केला. ती पलीकडून नुसतीच, म्हणजे काय रे, म्हणजे काय, असं म्हणत राहिली, आणि याला फोन ठेवावा लागला.

तो परत आला तेव्हा आई आण्णांच्या मानेखालची उशी काढत होती. भरतकामाची उशी, तिनं हिवाळ्यात बसून केलेली. पेटी रोज म्हणायची, छान झालीय. आत्ता आण्णा म्हणाले होते, "उशी. टोचते."

उशी मांडीवर घेऊन छायाबाई बसल्या. मधुरा बाहेर ओट्यावर गेली होती, गाडीला वाट दाखवायला म्हणून, किंवा नुसतीच.

"मला कळलं होतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या कशाला छान म्हटलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं, हे यांचं बोलणं नाही. म्हटलं असू दे. कुणीतरी म्हणतंय ना. यांच्याच आवाजात म्हणतंय."

"आई."

"पण ते नको म्हणाले ना, ते पण यांचं नसेल, हे नाही रे सुचलं. गोड तेवढं खोटं वाटलं. बाकीचं खरंच वाटलं मला."

प्रज्वलचंही एक होतं. आण्णांची बोटं अडखळायला लागली तेव्हा त्यांनी वाइंडिंगच्या दुकानाची किल्ली त्याच्यापुढं ठेवली होती. आणि हा गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला होता, मोटारी भरायच्या कोणी आता, जळली की नवी आणतात लोक. आण्णांनी किल्ली उचलून खिशात टाकली. त्यानंतर, जीभ शाबूत होती तोवरही, त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. पेटी आली त्या आठवड्यात तो एकटाच त्यांच्याजवळ बसला असताना पेटी म्हणाली होती, "पज्या, तू लई केलंस माझ्यासाठी." तो बाहेर गोठ्यात जाऊन रडून आला होता. पुढं रोज दुकान बंद करून तो घाईघाईनं घरी यायचा, ते त्या एका वाक्याच्या ओढीनं. आणि ते वाक्य पेटी बिनचूक द्यायची. त्यानं हातपाय पुसले, औषध पाजलं, कूस बदलली, सगळं मनापासून केलं. फक्त दिवा पिवळाच का राहतो ते बघितलं नाही. राउटर दुरुस्त करणाऱ्या माणसानं बघितलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेला असता तर सगळ्यात आधी तेच बघितलं असतं.

गाडी आली. निळ्या कपड्यातला एक ब्रदर आत आला, बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि त्याची घाई एकदम वाढली. नाकातोंडावर मास्क घट्ट बसवायचा होता. हनुवटीखालच्या पट्ट्या मध्ये येत होत्या. त्या काढा, तो म्हणाला.

"एक मिनिट," प्रज्वल म्हणाला.

मिनिट नाहीये, असं ब्रदरनं सांगितलं. तरी मास्क जोडता जोडता त्यानं पाठ केली. समजला असावा.

प्रज्वल आण्णांच्या डोळ्यांसमोर वाकला. विचारायचं ते कित्येक वर्षं तोंडात होतं, आणि आता शब्द साधेच निघाले.

"आण्णा, माझ्यावर अजून राग हाय का तुमचा?"

खरखर झाली. हिरवा दिवा स्थिर होता. पुण्यापर्यंत जाऊन यायला क्षणभर लागायचा, तेवढा लागला.

"हो," आण्णा म्हणाले.

डोळे त्याच्यावरच होते. पुन्हा खरखर. आण्णांच्या कपाळावरची शीर फुगली. ते जोर लावत होते, ते कुणालाही दिसलं असतं.

"पण."

आणि खरखर. आणि खरखर. चिमट्याचं यंत्र किणकिण करायला लागलं. आण्णांचे ओठ निळे पडत चालले होते. ब्रदर वळला. काढा पट्ट्या, म्हणाला, नाहीतर मी काढतो.

आण्णांनी लावा म्हणून सांगितलेल्या मशीनकडं नेणारी गाडी दारापासून हाकेच्या अंतरावर होती. आणि पुढचा शब्द गळ्यात होता. प्रज्वलनं पट्टीच्या कडेला नख घातलं आणि ओढून काढली. एकेक करून सगळ्या. आण्णांची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही. मास्क बसला तेव्हा त्याच्यावर वाफ धरली आणि ब्रदरच्या हाताआड डोळेही नीट दिसेनासे झाले.

नारायणगावला मशीन लावलं. पण छातीत कफ साठून जंतू पसरले होते. डॉक्टर थोरवे आपणहून तिथं आले होते. त्यांनी प्रज्वलच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की दिवाळीत लावलं असतं तर... मग वाक्य तिथंच सोडून दिलं. आण्णा शुद्धीवर आले नाहीत. मशीन त्यांच्यासाठी श्वास घेत राहिलं, आणि एका सकाळी तेही थांबवलं.

दहावं झालं, तेरावं झालं. पाहुणे पांगले. ऋतुजा सासरी गेली. जाताना ती भावाच्या हाताला धरून थोडा वेळ उभी राहिली.

कॉट बाहेर काढायची म्हणून प्रज्वल खोलीत गेला. पेटी होती तिथंच होती, खिडकीत. तिला कुणी हात लावला नव्हता. दिवा हिरवा. पडद्यावर दोन शब्द होते.

'हो. पण'

त्याच्याखाली बारीक अक्षरात आलं होतं, 'वाक्य अपुरं आहे. अंदाजानं पूर्ण करू का?' आणि दोन चौकोन.

तो किती वेळ बघत उभा राहिला कोण जाणे. काय येईल ते त्याला माहीत होतं. चांगलंच येईल. अगदी हवं तेच येईल, आण्णांच्या आवाजात, घोगरं.

मागं छायाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडदा वाचला. दोनदा वाचला असावा, कारण ओठ हलले.

"कर म्हण की," त्या म्हणाल्या.

"आई, ते आण्णा नसतील."

"नसू देत. घरात कुणी बोलत नाही रे. भांड्यांचा आवाज येतो नुसता."

त्यानं 'नाही' दाबलं. चौकोन गेले. 'हो. पण' तेवढं राहिलं. ते त्यानं पेटीतून वायरीनं आपल्या मोबाईलवर उतरवून घेतलं आणि पेटीतून पुसलं. मग पेटीची नेटची वायर काढली. हिरवा दिवा विझला, क्षणभर अंधार राहिला, आणि पिवळा लागला. पेटी उचलून त्यानं आईच्या ओंजळीत ठेवली, पदराआड धरायला सोपी पडेल अशी. त्या तिथंच जमिनीवर बसल्या, पेटी मांडीत घेऊन. आधी तिच्यावर नुसता हात फिरवला.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

प्रज्वल चपला घालून बाहेर पडला. अंगण ओलांडलं, बांध ओलांडला, पेटीचा आवाज पोचणार नाही इतक्या लांब खडकावर गेला. पठारावर दुर्बिणीच्या ताटल्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यानं मोबाईल काढला, ते दोन शब्द पुन्हा वाचले, आणि त्यांच्यापुढं काय असेल याचा विचार करत तिथंच बसून राहिला.